पायराझोलिनचा पेपर साभार परत का आला: आधी बाटली तपासा, डॉकिंग नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिंदखेडा तालुक्यातला एक विद्यार्थी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चाल्कोन या सेंद्रिय कीटोनपासून त्याने चौदा पायराझोलिन (दोन नायट्रोजन असलेल्या पाच अणूंच्या कड्याची संयुगं) बनवले. सगळ्यांचे डॉकिंग स्कोअर (रेणू प्रथिनात किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज; जितका उणे तितका चांगला) उणे ९ ते उणे ९.८ आले. डिस्क डिफ्यूजनमध्ये (जीवाणू पसरलेल्या आगरवर कंपाउंडची चकती ठेवून करायच्या चाचणीत) चार कंपाउंडना १२ ते १४ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जीवाणू न वाढलेलं वर्तुळ, मिळाला. पेपर पाठवला तो साभार परत आला आणि परीक्षकाने दोन ओळी लिहिल्या: शुद्धतेचा पुरावा नाही, जैविक चाचणीला कंट्रोल नाहीत. गाइड म्हणतात, आणखी दोन कंपाउंड करा आणि दुसऱ्या जर्नलला पाठवा. विद्यार्थी विचारतो, ‘आमच्या कॉलेजात एनएमआर नाही, म्हणून असं होतं का? आणि आता नेमकं काय करू?’

एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारं यंत्र, कॉलेजात नसणं ही अडचण आहे, पण पेपर त्यामुळे परत आलेला नाही. ज्यांच्या इमारतीत एनएमआर आहे त्यांचेही पेपर याच दोन ओळींवर परत येतात. परीक्षकाने खरं तर एकच गोष्ट विचारली आहे: बाटलीवर जे नाव लिहिलंय तेच बाटलीत आहे का, आणि जीवाणू मेले ते त्यानेच मेले का? चौदाच्या जागी सोळा कंपाउंड झाल्याने याचं उत्तर मिळत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. चौदाही कंपाउंडचे नमुने प्रत्येकी किमान ५० मिलिग्रॅम शिल्लक असतील, तर काम दोन-तीन महिन्यांचं आहे. नमुने संपले असतील किंवा वर्षभर उघड्या कपाटात पडलेले असतील, तर पुन्हा बनवावे लागतील. एनएमआरची फक्त छापील पानं हातात आहेत की मूळ डेटाही आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. गाइडचा स्वभाव मला माहीत नाही. पण ‘दोन वाढवा’ या सल्ल्यापेक्षा ‘आहेत त्यातले सहा नीट करू’ हा प्रस्ताव कागदावर मांडून नेलात, तर तो सहसा कोणी नाकारत नाही, कारण त्यात खर्च कमी असतो.

आता पहिल्या पायरीपासून बघू.

चाल्कोनची रिॲक्शन पुस्तकात सोपी दिसते. ॲसिटोफिनोन १.२० ग्रॅम आणि बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, म्हणजे दोन्ही १० मिलिमोल, २० मिली इथेनॉलमध्ये घ्यायचे, सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण थेंबथेंब टाकायचं आणि ‘रूम टेंपरेचरला’ ढवळायचं. ज्यांनी ही पद्धत लिहिली त्यांची रूम २० ते २५ अंशांची होती. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो आणि लॅबमध्ये ३८-४० अंश सहज असतात. त्या तापमानाला दोन गोष्टी बिघडतात. तयार झालेल्या चाल्कोनवर ॲसिटोफिनोनचा दुसरा रेणू जाऊन बसतो आणि १,५-डायकीटोन बनतो. शिवाय अल्कली तीव्र असेल तर बेन्झाल्डिहाइड कॅनिझारो रिॲक्शनने बेन्झिल अल्कोहोल आणि बेन्झोइक आम्लात वाया जातं. साध्या चाल्कोनचा मेल्टिंग पॉइंटच ५५ ते ५७ अंश आहे. थोडी अशुद्धी मिसळली की तो इतका खाली येतो की आपल्या उन्हाळ्यात पदार्थ घट्ट होतच नाही, चिकट तेल तळाशी बसतं. मग विद्यार्थी म्हणतो, ‘रिॲक्शन झाली नाही.’ रिॲक्शन झालेली असते, पदार्थ फक्त गोठलेला नसतो. म्हणून फ्लास्क बर्फाच्या परातीत ठेवा, थर्मामीटर आत सोडा, अल्कली टाकताना १५ ते २० अंश राखा आणि नंतरही ३० च्या वर जाऊ देऊ नका. आणि प्रयोगवहीत ‘आर.टी.’ लिहू नका, आकडा लिहा. धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची बाटली गोठलेली सापडते, कारण ते १६.६ अंशांना गोठतं. एकाच लॅबचं ‘रूम टेंपरेचर’ वर्षभरात तीस अंशांनी हलत असेल, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

बेन्झाल्डिहाइडच्या बाटलीचं झाकण उघडून बघा. कडेला पांढरे खडे दिसले तर ते बेन्झोइक आम्ल आहे. हवेतल्या ऑक्सिजनने ते आपोआप तयार होतं आणि तुमची अल्कली खाऊन टाकतं. सोडियम कार्बोनेटच्या १० टक्के द्रावणाने धुऊन, सुकवून, कमी दाबाखाली डिस्टिल करून वापरा. फिनाइलहायड्राझिनचंही तसंच. ताजं असताना ते फिकट पिवळं असतं. कॉलेजच्या कपाटात सापडतं ते बहुधा लालसर तपकिरी काढ्यासारखं. ते वापरलं की प्रॉडक्टला येणारा तांबूस रंग तीनदा रिक्रिस्टलायझेशन करूनही जात नाही. शक्य असेल तर त्याचं हायड्रोक्लोराइड घ्या, सोबत सोडियम ॲसिटेट टाका. ते घन असतं, वजन करायला सोपं आणि टिकतंही जास्त. हे रसायन विषारी आहे, त्वचेवर गेलं की ॲलर्जी आणतं आणि एकदा आलेली ती ॲलर्जी पुन्हा पुन्हा उसळते. हातमोजे, फ्यूमहूड आणि टाकाऊ द्रवासाठी लेबल लावलेली वेगळी बाटली या तीन गोष्टी सोडू नका.

दुसऱ्या पायरीत ५ मिलिमोल म्हणजे १.०४ ग्रॅम चाल्कोन, ७.५ मिलिमोल म्हणजे सुमारे ०.८१ ग्रॅम फिनाइलहायड्राझिन आणि १५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, चार ते सहा तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळणं). ‘सहा तास’ हे पाठ करायचं उत्तर नाही. दर तासाला टीएलसी (पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करणारी चाचणी) लावा. पेट्रोलियम ईथरमध्ये २० टक्के इथाइल ॲसिटेट चालतं. पायराझोलिन ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळं चमकतं, त्यामुळे ते ओळखायला सोपं. पण त्यातच फसगत होते. चमकणारा एक ठिपका बघून आपण खूश होतो आणि न चमकणारे शेजारी दिसत नाहीत. २५४ खालीही बघा, मग आयोडीनमध्ये ठेवा. सुरुवातीचं चाल्कोन, तुमचं मिश्रण आणि दोघांचा एकत्र ठिपका, असे तीन ठिपके एकाच प्लेटवर हवेत. आणि एका सॉल्व्हंट सिस्टीममध्ये एक ठिपका म्हणजे शुद्ध, असं धरू नका. किमान तीन वेगवेगळ्या सिस्टीम लावा. दुपारी ४२ अंशांत टीएलसीच्या चेंबरमधलं पेट्रोलियम ईथर उडून प्रमाण बदलतं आणि सकाळचा आरएफ (ठिपका किती वर चढला याचं प्रमाण) दुपारी जुळत नाही. सॉल्व्हंट दर दोन-तीन प्लेटना नवं घ्या, किंवा हे काम सकाळी दहाच्या आत उरका.

तुम्ही हायड्राझिन हायड्रेट वापरलं असेल तर एक महत्त्वाचा फरक आहे. ॲसिटिक ॲसिडमध्ये रिफ्लक्स केलं तर नायट्रोजनवर ॲसिटाइल गट बसतो आणि एन-ॲसिटाइल पायराझोलिन मिळतं. इथेनॉलमध्ये केलं तर नायट्रोजन मोकळा राहतो, आणि ते कंपाउंड हवेत ठेवलं तर हळूहळू ऑक्सिडाइझ होऊन पायराझोल बनतं. कितीतरी पेपरांत पद्धत एकाची आणि रचना दुसऱ्याची छापलेली असते. तुमच्या यादीतल्या चौदाही कंपाउंडची कृती आणि रचना एकदा समोरासमोर ठेवून तपासा.

गाळणं आणि वाळवणं याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मिश्रण बर्फाच्या चुऱ्यावर ओता, बुख्नरवर गाळा, आंबट वास जाईपर्यंत पाण्याने धुवा, मग थंडगार इथेनॉलच्या दोन-तीन मिलीने एकदा धुवा. उरलेलं फिनाइलहायड्राझिन धुतलं गेलं नाही तर पुढे जीवाणू त्यानेही मरतात आणि श्रेय पायराझोलिनला मिळतं. रिक्रिस्टलायझेशन इथेनॉलमधून करा. रंग असेल तर वजनाच्या एक-दोन टक्के कोळशाची पूड टाकून गरम असतानाच गाळा. फ्लास्क हळूहळू निवू द्या. घाईने बर्फात घातला तर स्फटिकांऐवजी तेल सुटतं आणि त्या तेलात सगळी घाण अडकते. तसं झालंच तर पुन्हा गरम करा, थोडं इथेनॉल वाढवा, काचकांडीने आतून घासा आणि शुद्ध पदार्थाचा एक कण बी म्हणून टाका. उन्हाळ्यात द्रावण ४० अंशांपर्यंतच निवतं, त्यामुळे निम्मा माल द्रावणातच राहतो. बाहेर निवल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

आणि कृपा करून पदार्थ धाब्यावर बिबडे वाळत घालावेत तसा उन्हात पसरू नका. उन्हाने चाल्कोनचा ई-प्रकार झेड-प्रकारात वळतो, घन अवस्थेत दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि पायराझोलिन ऑक्सिडाइझ होतं. व्हॅक्यूम ओव्हन असेल तर ५० अंशांवर रात्रभर. नसेल तर डेसिकेटरला पंप जोडून, वर काळा कपडा टाकून दोन दिवस.

रोटाव्हेपरचं (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्राचं) एक सांगतो, कारण खानदेशातल्या लॅबमधली ही नेहमीची रडकथा आहे. कंडेन्सरमध्ये ओव्हरहेड टाकीतलं पाणी ३८ अंशांचं असतं. डायक्लोरोमिथेन ४० ला उकळतं, ईथर ३४.६ ला. म्हणजे कंडेन्सर काहीच पकडत नाही, सॉल्व्हंट पंपातून खोलीत आणि तुमच्या छातीत जातं. साधा नियम असा की बाथ वाफेपेक्षा २० अंश गरम आणि कंडेन्सरचं पाणी वाफेपेक्षा २० अंश थंड असावं. चिलर नसेल तर घरच्या कूलरचा छोटा पंप बादलीत सोडा, बादलीत बर्फ आणि मूठभर मीठ टाका आणि तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवा. दोनशे-चारशे रुपयांत काम होतं, पाणीही वाचतं. बादलीतला पंप आणि त्याची वायर यांचं इन्सुलेशन मात्र आधी तपासा. आणि एप्रिल-मेमध्ये ईथरने एक्स्ट्रॅक्शन करायचंच नाही, इथाइल ॲसिटेट वापरायचं.

मेल्टिंग पॉइंट हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. कॅपिलरीत दोन-तीन मिलिमीटर पूड ठासून भरा. शेवटचे १५ अंश मिनिटाला एक-दोन अंशांच्या वेगाने चढवा. वितळायला सुरुवात आणि पूर्ण वितळणं, दोन्ही आकडे लिहा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त असेल तर तो नमुना एनएमआरला पाठवून पैसे घालवू नका, आधी पुन्हा शुद्ध करा.

आता एनएमआर. इथे जरा सावकाश जाऊ, कारण परीक्षक सगळ्यात आधी हेच पान उघडतो.

ट्रायफिनाइल पायराझोलिनच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये तीन ठळक सिग्नल दिसायला हवेत: ३.१ पीपीएमच्या (एनएमआरच्या पट्टीवरचं एकक) आसपास एक, ३.८ ला एक आणि ५.३ च्या जवळ एक. प्रत्येक सिग्नल चार रेघांचा, म्हणजे डबलेट ऑफ डबलेट्स, आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ एका प्रोटॉनचं. कपलिंग, म्हणजे रेघांमधलं अंतर, साधारण १७, १२ आणि ७ हर्ट्झ. हे तीन प्रोटॉन रिंगमधल्या दोन शेजारच्या कार्बनवर आहेत, म्हणून तिघेही एकमेकांना फोडतात. ३.१ च्या सिग्नलमध्ये १७ आणि ७, ३.८ मध्ये १७ आणि १२, ५.३ मध्ये १२ आणि ७, अशी जोडी जुळली पाहिजे. ३.८ चा सिग्नल ‘मल्टिप्लेट’ आणि ५.३ चा ‘ट्रिप्लेट’ असं लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, विद्यार्थ्याने पान छापून घेतलं पण वाचलं नाही. मिथॉक्सी गट असलेल्या कंपाउंडमध्ये त्याचा ३.८ चा उंच सिंगलेट नेमका मधल्या सिग्नलवर येऊन बसतो. तिथे क्षेत्रफळ चार प्रोटॉनचं यायला हवं. ते ३.२ येत असेल तर गडबड आहे.

अशुद्धी कुठे शोधायची? ६.८ च्या आसपास एकटा सिंगलेट दिसला तर पायराझोल तयार झालंय. १५ ते १६ हर्ट्झचे दोन डबलेट ७.५ आणि ७.८ ला उरलेले दिसले तर चाल्कोन संपलेलं नाही. मग कार्बन एनएमआरमध्ये १९० च्या जवळ कार्बोनिलही सापडेल. शुद्ध पायराझोलिनमध्ये तो नसतो, त्याऐवजी ४३-४४ आणि ६४-६५ ला रिंगचे दोन कार्बन आणि १४७ च्या जवळ सी-एन दुहेरी बंधाचा कार्बन दिसतो.

सॉल्व्हंटचे सिग्नल पाठच करून ठेवा. ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये इथाइल ॲसिटेट १.२६, २.०५ आणि ४.१२ ला दिसतं; इथेनॉल १.२५ आणि ३.७२ ला, ॲसिटोन २.१७, पाणी १.५६, क्लोरोफॉर्म स्वतः ७.२६. डायक्लोरोमिथेन ५.३० ला येतं, म्हणजे अगदी तुमच्या तिसऱ्या सिग्नलच्या डोक्यावर. त्यामुळे या मालिकेत शेवटचं धुणं डायक्लोरोमिथेनने करू नये. ‘सॉल्व्हंटच तर आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका, हिशेब करा. तुमच्या एका प्रोटॉनचं क्षेत्रफळ १ धरलं आणि इथाइल ॲसिटेटचा २.०५ चा सिग्नल ०.६ आला, तर तो तीन प्रोटॉनचा असल्याने दर रेणूमागे ०.२ रेणू सॉल्व्हंट आहे. ०.२ गुणिले ८८ म्हणजे १७.६. कंपाउंडचं रेणुभार २९८. म्हणजे बाटलीतल्या वजनात सुमारे साडेपाच टक्के इथाइल ॲसिटेट आहे, आणि तुमची सगळी जैविक तीव्रता तितकीच चुकलेली आहे.

रेणुभारासाठी एचआरएमएस (रेणूचं वस्तुमान अगदी अचूक मोजणारी चाचणी) करा. ट्रायफिनाइल पायराझोलिनचा एक प्रोटॉन जोडलेला आयन २९९.१५४३ ला यायला हवा. पाच पीपीएमची (इथे दशलक्षात पाच भागांची) सूट धरली तर २९९.१५२८ ते २९९.१५५८. पण एचआरएमएस बरोबर आलं म्हणजे शुद्ध, हा गैरसमज काढून टाका. त्याने सूत्र कळतं, प्रमाण कळत नाही. प्रमाणासाठी एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. औषधी रसायनशास्त्रातली चांगली जर्नलं चाचणीला दिलेलं कंपाउंड किमान ९५ टक्के शुद्ध मागतात. चौदाचे पैसे नसतील तर ज्या सहांवर दावा करणार त्यांचं करा आणि बाकीच्या आठांना मुख्य मजकुरातून सरळ वगळा.

इथपर्यंत ‘बाटलीत काय आहे’ झालं. आता ‘जीवाणू कशाने मेले’.

डिस्क डिफ्यूजन या कंपाउंडना लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झोनचा व्यास दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ किती मारक आहे आणि आगरमध्ये किती पसरतो. तुमचे रेणू तेलकट आहेत, पाण्यात विरघळत नाहीत, आगरमध्ये सरकत नाहीत. म्हणजे १२ आणि १४ मिलिमीटरमधला फरक मारकतेचा की पसरण्याचा, हे सांगताच येत नाही. त्या १४ मध्ये डिस्कचे स्वतःचे ६ मिलिमीटरही आले. शिवाय मिलीलिटरला एक मिलिग्रॅमच्या द्रावणाचे १०० मायक्रोलिटर घातले असतील तर ते १०० मायक्रोग्रॅम झाले. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या प्रमाणित डिस्कमध्ये ५ मायक्रोग्रॅम असतं. या दोघांचे झोन शेजारी छापून ‘तुल्यबळ’ म्हणणं बरं दिसत नाही.

त्याऐवजी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करा. ९६ खळग्यांची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जीवाणूंचं द्रव खाद्य), प्रत्येक खळग्यात शेवटी मिलीलिटरमागे ५ लाख जीवाणू, ३५ अंशांवर १६ ते २० तास. कंपाउंडचं मूळ द्रावण डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये १२.८ मिलिग्रॅम प्रति मिली केलं तर शंभरपट पातळ केल्यावर १२८ मायक्रोग्रॅम प्रति मिली मिळतात आणि डीएमएसओ एक टक्क्यावर राहतो. तिथून निम्मं निम्मं करत खाली जा, डीएमएसओ मात्र सगळ्या खळग्यांत सारखाच ठेवा. कंट्रोल चार हवेत: फक्त ब्रॉथ, ब्रॉथ आणि जीवाणू, ब्रॉथ-जीवाणू आणि एक टक्का डीएमएसओ, आणि माहितीचं औषध. माहितीच्या औषधाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित जीवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिली यायला हवी, एस. ऑरियस एटीसीसी २९२१३ वर ०.१२ ते ०.५. त्या पट्ट्यात आली नाही तर त्या दिवसाची अख्खी प्लेट फेकायची, आपल्या कंपाउंडचा आकडा कितीही गोड आला असला तरी. प्रमाणित जीवाणू चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम या जीवाणू-संग्रहांकडून रीतसर मागवता येतात. शेजारच्या कॉलेजातून आणलेल्या, नाव पुसट झालेल्या स्लँटवर पीएच.डी. उभी करू नका.

एक सापळा असा की ब्रॉथमध्ये कंपाउंडच खाली बसतं आणि खळगा गढूळ दिसतो. तो जीवाणूंमुळे गढूळ आहे की तुमच्या पुडीमुळे? जीवाणूंशिवाय नुसत्या कंपाउंडची एक रांग ठेवा आणि शेवटी रेझाझुरिन टाका. जिवंत जीवाणू असतील तिथे निळा रंग गुलाबी होतो. पण तुमचे रेणू चमकणारे आहेत हे विसरू नका. रेझाझुरिनचं वाचन फ्लुओरेसन्सवर करणार असाल तर नुसत्या कंपाउंडची रांग वजा करावीच लागेल. कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) लावणार असाल तर तिथेही पेशींशिवाय कंपाउंड आणि एमटीटी असा खळगा हवा. काही रेणू रंग स्वतःच बदलून टाकतात. सोबत व्हेरोसारखी निरोगी पेशींची एक लाइन ठेवा. सगळंच मारणाऱ्या पदार्थाला औषध म्हणत नाहीत. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून मिळतात.

आकडे मायक्रोमोलरमध्ये बदलून बघा. ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे २९८ रेणुभाराच्या कंपाउंडसाठी सुमारे २१५ मायक्रोमोलर आणि ३७७ च्या ब्रोमो कंपाउंडसाठी १७०. मायक्रोग्रॅममध्ये बरोबरीत असलेले दोघं इथे वेगळे पडतात. तसंच, एका प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, ताज्या द्रावणांनी केलेले तीन हवेत.

तुमच्या यादीत काही मूळ चाल्कोनही ‘सक्रिय’ म्हणून आहेत. त्याबाबत जपून. चाल्कोन हा मायकेल ॲक्सेप्टर आहे, कोणत्याही प्रथिनातल्या सल्फरला जाऊन चिकटतो. जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये चाचण्यांना फसवणाऱ्या रेणूंची ‘पेन्स’ नावाची चाळणी मांडली. त्यानंतर परीक्षक अशा दाव्यांकडे संशयानेच बघतात. एन्झाइम चाचणी असेल तर ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट टाकून पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर रेणूंचे गोळे एन्झाइमला गुंडाळत होते, बाकी काही नाही.

डॉकिंगवर मी कमी बोलणार आहे, कारण त्याने कमीच सिद्ध होतं. उणे ९.२ आणि उणे ९.८ मध्ये ०.६ किलोकॅलरीचा फरक आहे. दहापट बंधशक्तीसाठी सुमारे १.४ लागतात आणि या प्रोग्रॅमची स्वतःची चूक दोन किलोकॅलरीच्या वर असते. म्हणजे तुमच्या चौदा जणांत पहिला-दुसरा नंबर काढता येत नाही. शिवाय रेणू मोठा आणि तेलकट असला की स्कोअर आपोआप वाढतो. ठेवायचंच असेल तर प्रथिनाच्या स्फटिकात मुळात बसलेला लिगँड (प्रथिनाला बांधलेला छोटा रेणू) काढून पुन्हा डॉक करा. तो दोन अँगस्ट्रॉमच्या आत परत बसला पाहिजे. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्ही आर डॉक केला की एस? पायराझोलिनचा पाचवा कार्बन कायरल आहे, म्हणजे रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात, आर आणि एस. फ्लास्कमध्ये दोघं निम्मे निम्मे आहेत, जीवाणूंना दोघं एकत्र दिलेत, चित्रात एकच काढलाय. किमान ‘रॅसेमिक’ हा शब्द मजकुरात लिहा आणि दोन्ही रूपं डॉक करून दाखवा.

राहिला गाइडचा मुद्दा, आणखी दोन कंपाउंडचा. करायला हरकत नाही, पण कोणते ते निवडा. पॅरा जागी क्लोरो, ब्रोमो, फ्लुओरो, मिथाइल असं जे शेल्फवर सापडलं ते लावत गेल्याने काही शिकायला मिळत नाही. जॉन टॉपलिस यांनी १९७७ मध्ये मांडलेली रीत आजही कामाची आहे. बिनगटाचं, ४-क्लोरो, ३,४-डायक्लोरो, ४-मिथाइल आणि ४-मिथॉक्सी हे पाच आधी बनवायचे आणि त्यांच्या क्रमावरून पुढची दिशा ठरवायची. ३,४-डायक्लोरो सरस ठरला तर तेलकटपणा आणि इलेक्ट्रॉन ओढणं कामाचं आहे. मिथॉक्सी सरस ठरला तर इलेक्ट्रॉन देणं. तुमच्याकडे यातले चार बहुधा आहेतच, ३,४-डायक्लोरो नसेल. पहिलं नवं कंपाउंड ते. मात्र प्रत्येक क्लोरीन लॉगपी (तेलकटपणाचं माप) साधारण ०.७ ने वाढवतो आणि तुमचा रेणू आधीच पाचाच्या आसपास आहे, त्यामुळे विरघळण्याची अडचण वाढेल. म्हणून दुसरं नवं कंपाउंड उलट दिशेचं करा: एका फिनाइलच्या जागी पिरिडिन. त्यासाठी २-ॲसिटाइलपिरिडिन घेतलंत तर तापमान ० ते ५ अंश ठेवा. ते इतकं चपळ आहे की जरा गरम झालं तरी चाल्कोनवर थांबत नाही, १,५-डायकीटोनपर्यंत जातं. आपल्या हवेत हे काम दिवाळीनंतर करावं.

नमुने पाठवताना प्रत्येकी २० ते ३० मिलिग्रॅम काचेच्या स्क्रू झाकणाच्या वायलमध्ये द्या, प्लास्टिकच्या पुडीत नको. वायलवर साधा कोड, पेन्सिलने. सोबत कोणत्या ड्युटेरेटेड सॉल्व्हंटमध्ये विरघळतं ते आधी स्वतः साध्या सॉल्व्हंटमध्ये बघून लिहा. जळगावच्या विद्यापीठात, आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात, लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेत किंवा पंजाब विद्यापीठाच्या सैफमध्ये फी भरून काम होतं. रांग असते, म्हणून चौदा एकदम पाठवण्यापेक्षा तीन आधी पाठवा. त्यात चूक निघाली तर अकरांचे पैसे वाचतात. आणि छापील पानावर समाधान मानू नका, एफआयडीचा (एनएमआरच्या कच्च्या सिग्नलचा) मूळ फोल्डर मागून घ्या. तो असला की घरच्या लॅपटॉपवर पुन्हा प्रोसेस करता येतो, कपलिंग मोजता येतं, परीक्षकाने मागितला तर देताही येतो.

जर्नलची घाई करू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय म्हणतो तेवढा पीएच.डी. विभागात विचारून घ्या. ‘सात दिवसांत स्वीकृती’ म्हणणाऱ्याला पैसे भरून हे चौदा कंपाउंड आहेत तसे छापून टाकलेत, तर तीच आकडेवारी नीट करून दुसरीकडे पुन्हा छापता येणार नाही.

या आठवड्यात करायचं म्हणाल तर चौदाही वायल बाहेर काढा, मेल्टिंग पॉइंट पुन्हा घ्या आणि प्रयोगवहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. ज्यांचा आकडा तीन अंशांहून जास्त घसरला आहे, त्यांची एनएमआरची पानं ६.८ पीपीएमपाशी उघडून बघा.